राजवाड्याखालून मेट्रो : बोगद्यापेक्षा खड्ड्याचा हिशेब

इंदूरच्या मल्हारगंजातल्या आमच्या काकूंच्या घरी एका दुपारी दोन मुलं आली. अंगात नारिंगी जॅकेट, हातात टॅब आणि एक पारदर्शक पट्टी. ओसरीच्या भिंतीचे, जिन्याखालच्या पोपड्यांचे, माजघरातल्या तुळईचे फोटो काढायला लागली. काकूंनी आधी चहा विचारला, मग मुद्द्याचं : "घर पाडणार आहात का रे?" मुलगा म्हणाला, "नहीं आंटीजी, सिर्फ दरारें नाप रहे हैं." मुलं निघून गेली. कोणत्या कंपनीची होती, तेही काकूंना धड कळलं नाही. संध्याकाळी मला फोन आला, कारण घरात बांधकामातलं कळणारा म्हणून माझंच नाव घेतात. मी आयुष्यभर पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या लाइनी टाकल्या, मेट्रो नाही. पण खणायची जमीन तीच. काकूंना समजावता समजावता मी जे वाचलं, पाहिलं, कागदावर मांडून बघितलं, ते इथे लिहितो आहे.

आधी भेगांचं. भेगा मोजायला येणं हे वाईट लक्षण नाही, हे त्यांच्या गळी उतरवायला अर्धा तास लागला. बोगदा खणायच्या आधी वाटेवरच्या प्रत्येक इमारतीची नोंद करायची असते : भेग कुठे आहे, किती रुंद आहे, भिंत किती कलली आहे. उद्या नवी भेग पडली तर ती नवी आहे हे दाखवायला हाच कागद लागतो, आणि तो जसा कंत्राटदाराच्या कामाचा तसाच घरमालकाच्याही. मी म्हटलं, "काकू, पुन्हा आले की फोटोंची प्रत मागा. सही केल्याशिवाय सोडू नका." काकू म्हणाल्या, "सही माझी की त्यांची?" प्रश्न बरोबर होता. दोघांची.

मार्ग कसा ठरत गेला

केंद्रीय मंत्रिमंडळाने ३ ऑक्टोबर २०१८ ला इंदूर मेट्रोला मंजुरी दिली. ३१.५५ किलोमीटरचं वर्तुळ : बंगाली चौराह्यापासून विजयनगर, भंवरसला, विमानतळ आणि तिथून शहराच्या पोटातून पलासियामार्गे पुन्हा बंगाली चौराहा. खर्च ७,५००.८० कोटी रुपये, मुदत चार वर्षांची. १४ सप्टेंबर २०१९ ला तेव्हाचे मुख्यमंत्री कमलनाथ यांनी पायाभरणी केली. प्रवाशांना घेऊन पहिली गाडी धावली ती ३१ मे २०२५ ला, अहिल्याबाईंच्या ३०० व्या जयंतीच्या दिवशी. साधारण सहा किलोमीटर, पाच स्टेशनं, गांधीनगरपासून सुपर कॉरिडॉरवर. अहिल्याबाई, लक्ष्मीबाई, अवंतीबाई, दुर्गावती, झलकारीबाई अशी पाच वीरांगनांची नावं स्टेशनांना आहेत. नावं भारदस्त, फलाट रिकामे.

याचं कारण सोपं आहे. सुपर कॉरिडॉरवर रस्ता रुंद, दोन्हीकडे मोकळी जमीन, खांब रोवायला अडवणारं कोणी नाही. काम तिथे भराभर झालं आणि बसायला माणूसही तिथेच कमी. इंदूरची माणसं जिथे जातात, म्हणजे रीगल, सियागंज, जेल रोड, राजवाडा, सराफा, क्लॉथ मार्केट, तिथे मेट्रो पोचल्याशिवाय हे वर्तुळ म्हणजे अर्धवट शिवलेला सदरा. आणि तिथे पोचायचं तर जमिनीखालूनच जावं लागतं, कारण होळकरांच्या राजवाड्यासमोर मेट्रोचा खांब उभा करायचं कुणी सुचवलं तर इंदूरकर त्यालाच त्या खांबाला बांधतील.

म्हणून रेल्वे स्टेशनपासून विमानतळापर्यंतचा साडेआठ किलोमीटरहून थोडा जास्त तुकडा भुयारी आहे. त्यात सात स्टेशनं : रेल्वे स्टेशन, राजवाडा, छोटा गणपती, बडा गणपती, रामचंद्रनगर, बीएसएफ-कालानीनगर आणि विमानतळ. २०२५ मध्ये या कामाचं कंत्राट एचसीसी आणि टाटा प्रोजेक्ट्स यांच्या संयुक्त कंपनीला सुमारे २,१९० कोटींना मिळालं. या तुकड्याला कर्ज एशियन डेव्हलपमेंट बँकेचं, म्हणजे एडीबीचं. भागाकार करून पाहा. २०१८ च्या मंजुरीत गाड्या, सिग्नल, जमीन, डेपो सगळं धरून किलोमीटरमागे सरासरी २३८ कोटी येतात. भुयारी तुकड्याचं नुसतं बांधकाम किलोमीटरमागे २५० कोटींच्या वर जातं. या रकमेत एक डबासुद्धा धरलेला नाही.

आणि मग भुयार वाढलं. खजराना, पलासिया, एमजी रोड या पट्ट्यात उन्नत मार्ग, म्हणजे खांबांवरून जाणारी मेट्रो, गृहीत धरून आखणी पुढे गेली होती. व्यापारी, रहिवासी, शहरातले लोकप्रतिनिधी सगळे म्हणत राहिले की एमजी रोडचा गळा आधीच आवळलेला आहे, त्यात खांब नकोत. डिसेंबर २०२५ मध्ये मुख्यमंत्री मोहन यादव यांनी इंदूरच्या बैठकीत खजरानापासूनच मेट्रो जमिनीखाली घ्यायचं मान्य केलं. वाढीव खर्च आठशे ते नऊशे कोटींच्या घरात सांगितला गेला, तो राज्याने उचलायचा.

माझं मत विचाराल तर निर्णय बरोबर आहे. इंदूरने बीआरटीएस पाहिलं आहे, म्हणजे रस्त्यात फक्त बससाठी राखलेली वाट. २०१३ मध्ये निरंजनपूरपासून राजीव गांधी चौराह्यापर्यंत साडेअकरा किलोमीटरची लोखंडी जाळी लावली आणि २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या परवानगीने ती काढायला घेतली. जाळी उचकटता येते, मेट्रोचा खांब येत नाही. चूक करायचीच असेल तर परत फिरता येईल अशी करावी. पण २०१८ च्या मंजुरीनंतर सात वर्षांनी असा निर्णय होतो तेव्हा त्यात शहाणपणाबरोबर उशीरही मोजावा लागतो.

मला खटकतं ते निराळंच. सगळा वाद "वरून की खालून" एवढ्यावर चालला. जणू खालून म्हटलं की विषय संपला, मेट्रो उंदरासारखी एका बिळातून शिरेल, दुसऱ्यातून निघेल, वर कुणाला पत्ता लागणार नाही. मी ड्रेनेजची माणसं पाहिली आहेत. लाइन जमिनीखाली असते, शिव्या मात्र चेंबरला बसतात. मेट्रोचं चेंबर म्हणजे स्टेशन.

खड्डा केवढा

पुढचं गणित माझं, ढोबळ, पाकिटाच्या पाठीमागे केलेलं. प्रत्यक्ष आराखड्यातले आकडे थोडे इकडेतिकडे असतील, प्रमाण बदलणार नाही.

बोगदा खणणाऱ्या यंत्राला साइटवर सगळे टीबीएम म्हणतात. ते साडेसहा मीटर व्यासाच्या आसपासचं भोक पाडत जातं आणि मागोमाग सिमेंटच्या तयार तुकड्यांचं कडं बसवत जातं. एक मीटर पुढे गेलं की सुमारे ३३ घनमीटर दगडमाती निघते. आता स्टेशन. तीन डब्यांची गाडी असल्याने फलाट लहान पुरतो, पण हवा खेळवायचे पंखे, वीजघर, पंप, जिने हे सगळं धरून स्टेशनाची पेटी १८० मीटर लांब, २२ मीटर रुंद, १८ मीटर खोल धरू. म्हणजे ७१ हजार घनमीटर. एका स्टेशनाच्या खड्ड्यातून जेवढं निघतं तेवढ्यात दोन किलोमीटरहून लांब एकेरी बोगदा होतो. खणलेला दगड फुगतो, दीडपट होतो. पंधरा घनमीटरचा डंपर धरला तर एका स्टेशनाच्या सात हजारांवर फेऱ्या.

हे सात हजार डंपर कुठून जाणार? दिवसा जुन्या शहरात अवजड वाहनांना शिरता येत नाही. रात्री, म्हणाल. पण राजवाड्याला रात्र केव्हा होते? सोन्याची दुकानं बंद झाली की सराफ्यात ओट्यांवर खाऊगल्ली लागते आणि रात्री दोनपर्यंत भुट्ट्याचा कीस, गराडू, जलेबा चालू असतात. बाहेरगावचा पाहुणा आला तर आपण त्याला रात्री अकराला जेवायला नेणारी माणसं. तेव्हा डंपरला मिळतात पहाटेचे तीन-चार तास. रात्रीला चाळीस फेऱ्या धरल्या, तरी एका स्टेशनासाठी पावणेदोनशे रात्री. त्यातून पावसाळा वजा करा. अनंत चतुर्दशीला हुकुमचंद मिल आणि बाकीच्या मिलांच्या झांक्या, म्हणजे चालते देखावे, रात्रभर निघतात, ती रात्र वजा करा. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, टोरी कॉर्नर, मल्हारगंज, राजवाडा याच भागातून जाते, लाखो माणसं असतात. त्या दिवशी तिथे पत्र्याचं कुंपण आणि अठरा मीटरचा खड्डा असेल तर काय, याचं उत्तर पोलिसांनी आजच शोधायला घ्यावं, आदल्या आठवड्यात नव्हे.

आता बोगद्याचं भय बघू, कारण काकूंना तेच वाटतं. यंत्र कितीही नीट चाललं तरी आजूबाजूची जमीन किंचित आत सरकते. खणलेल्या भागाच्या एक टक्का एवढी सरकली, बोगद्याचा मध्य पंधरा मीटर खोल असला, तर मातीच्या हिशेबाने वरच्या जमिनीचा मधला भाग १७-१८ मिलिमीटर बसतो. अर्धा टक्का धरला तर नऊ. अखंड काळ्या दगडात याहून पुष्कळ कमी. सगळं घर एकसारखं नऊ मिलिमीटर बसलं तर घराला कळतही नाही. भेग पडते ती एक कोपरा बसला आणि दुसरा नाही बसला तर. म्हणून भिंतींवर खुणा लावतात, रोज मोजतात, ठरवलेल्या मर्यादेच्या जवळ आकडा गेला की यंत्राचा दाब आणि वेग बदलतात. मोजणं चोख असेल तर बोगदा ही या प्रकरणातली त्यातल्या त्यात सभ्य गोष्ट आहे.

राजवाड्याची गोष्ट वेगळी, आणि तिथे मी स्वतः हळवा आहे. १७४७ च्या सुमारास मल्हाररावांच्या काळात सुरू झालेली सात मजली वास्तू. खालचे तीन मजले दगडाचे, वरचे लाकडाचे. १८०१ मध्ये सर्जेराव घाटग्यांनी जाळली, १९८४ च्या दंगलीत पुन्हा जळली, मागचा बराच भाग नंतर नव्याने उभा केला. म्हणजे समोर जे दिसतं ते वेगवेगळ्या काळातलं, वेगवेगळ्या मालाचं, वेगवेगळ्या पायावरचं बांधकाम आहे. अशी इमारत सगळीकडून सारखी बसत नाही. पलीकडे बडा गणपती : विटा, चुना, गूळ, मेथी वापरून घडवलेली पंचवीस फुटी मूर्ती. तिला भाविक नमस्कार करतात, अभियंत्याने तिला आधी कंपनमापक लावावा, मग नमस्कार करावा.

जमिनीत काय आहे

इंदूरची जमीन वरून खाली अशी : काळी माती, मग मुरूम, मग कुजलेला दगड, मग पक्का काळा बेसॉल्ट. लाव्हाच्या एका थरावर दुसरा, मध्येच लाल मातीचा पातळ पदर, मध्येच भोकाभोकांचा सच्छिद्र दगड. मुंबईची भुयारी मेट्रो आणि पुण्याच्या पेठांखालची मेट्रो याच जातीच्या दगडातून गेली, त्यामुळे हे काही अपरिचित नाही. त्रास होतो तो सीमेवर. यंत्राचा वरचा अर्धा भाग मुरमात आणि खालचा अर्धा पक्क्या दगडात असला की दात खालचे झिजतात आणि माती वरची ओघळते. मुख्य चाक एकच, दोन्ही कामं एकदम करायची. पाण्याचंही तसंच. बेसॉल्टमध्ये पाणी सरसकट नसतं, फटींतून आणि त्या सच्छिद्र थरांतून धावतं; कोरडं वाटता वाटता एकदम धार लागते.

आणि विहिरी.

३० मार्च २०२३, रामनवमी. पटेलनगरच्या बेलेश्वर महादेव मंदिरात हवन चालू असताना पायाखालची फरशी खचली आणि माणसं खालच्या बावडीत कोसळली. ३६ जण गेले. बावडीवर स्लॅब टाकून मंदिर वाढवलेलं होतं, आणि तिथे बसलेल्यांतल्या अनेकांना आपण पाण्यावर बसलो आहोत हे ठाऊक नव्हतं. इंदूरचा माणूस ती रामनवमी विसरू शकत नाही. मला मात्र त्यात एक दुसरीही गोष्ट दिसते. १९७८ मध्ये नर्मदेचं पाणी इंदूरला आलं. त्याआधी जुनं शहर तलाव, विहिरी आणि बावड्यांवर जगत होतं. नळ आले आणि वाड्यावाड्यांतल्या विहिरी कचऱ्याने, मलब्याने बुजल्या, काहींवर नुसती फरशी बसली, काहींवर न्हाणीघर उठलं. मी स्वतः ड्रेनेजचा चर खणताना दोनदा अशा विहिरीत पाय घालता घालता वाचलो आहे. नकाशात एकही नव्हती.

टीबीएमला हे फार महागात पडतं. यंत्र समोरच्या मातीला दाब देत पुढे जातं. बुजलेली विहीर किंवा विसरलेली बोअर लागली की दाब तिथून निसटतो, माती मऊ करायला यंत्र सोडतं तो फेस घरात येतो, नाहीतर वरची सैल भर खाली घसरते. जुन्या विहिरीतली भर म्हणजे दगड नव्हे आणि मातीही नव्हे, चिंध्या, विटा, राख. मार्गावर ठरावीक अंतराने घेतलेल्या तपासणीच्या बोअरने हे सापडत नाही, कारण दोन बोअरांच्या मधोमध चार हात रुंदीची विहीर सुखाने बसते. ते सापडतं म्हाताऱ्या माणसांकडे. जुन्या घरपट्टीच्या नोंदी, होळकर काळातले नकाशे आणि सत्तरीच्या पुढचे रहिवासी, हे तिन्ही एकत्र बसवून विहिरींचा नकाशा करायला हवा. हे काम एका यंत्राच्या एका दिवसाच्या भाड्यात होईल.

कलकत्त्याचं उदाहरण लोक देतात ते याच भीतीपोटी. बहूबाजारात ३१ ऑगस्ट २०१९ ला टीबीएम पाण्याच्या थराला भिडलं, पाणी-वाळू आत शिरली, दुर्गा पिथुरी लेनमधली घरं तडकली, काही कोसळली, कुटुंबांना रात्रीतून हॉटेलांत हलवावं लागलं. २०२२ मध्ये पुन्हा दोनदा तडे गेले. तो तुकडा प्रवाशांसाठी खुला झाला २२ ऑगस्ट २०२५ ला. पण तिथे गंगेचा गाळ आहे, इथे बेसॉल्ट. तसंच्या तसं इथे होईल असं म्हणणं म्हणजे भिववणं. घेण्यासारखं इतकंच की त्या गल्लीत एका दिवसाच्या पाण्याची किंमत सहा वर्षं होती.

छोटा गणपती

सगळ्यात जास्त ताणतणाव या एका स्टेशनावरून झाला आणि मला तो समजतो. राणी सरायच्या आवारात, रीगलजवळ, स्टेशनाला विरोध झाला तो जुन्या झाडांसाठी आणि संध्याकाळी तिथे उतरणाऱ्या हजारो पोपटांसाठी. झाडं सरकारी आवारातली होती, भांडायला सगळं शहर आलं. छोटा गणपतीला मात्र माणसं आपल्या घरांसाठी भांडली. तिथे आवार नाहीच. वाड्याला वाडा लागलेला, रस्ता असा की दोन ई-रिक्षा समोरासमोर आल्या तर एकीने सुनेसारखं अदबीने भिंतीला टेकायचं. तिथे बावीस मीटर रुंदीची पेटी बसवायची म्हणजे कुणाचं तरी घर जाणार.

राजवाडा ते बडा गणपती हे अंतर चालणाऱ्याला अर्ध्या तासाच्या आतबाहेर. मध्ये स्टेशन लागतंच का? आकड्यांच्या भाषेत, काढलं तरी चालेल; चालत जाणारे थोडं जास्त चालतील. पण "स्टेशन रद्द करा" म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. दोन स्टेशनांमधलं अंतर वाढलं की धूर बाहेर काढायला आणि आणीबाणीत माणसं वर आणायला मध्ये एखादी विहीरवजा वाट लागू शकते. जाण्यायेण्याच्या दोन बोगद्यांना जोडणारे आडवे मार्ग जगभर वापरल्या जाणाऱ्या अमेरिकी अग्निसुरक्षा नियमांप्रमाणे २४४ मीटरपेक्षा लांब अंतरावर ठेवता येत नाहीत, तेही मल्हारगंजाखालीच खणावे लागतील. स्टेशन गेलं तर मोठा खड्डा जातो. एखादं लहान भोक राहू शकतं. ते कुठे, हे आधी विचारून घ्यावं.

दुसरा रस्ताही आहे. मुंबईत गिरगाव आणि काळबादेवी ही अशीच चिंचोळी ठिकाणं. तिथे संपूर्ण पेटी वरून उघडी खणण्याऐवजी बाजूला लहान खड्डा घेऊन फलाटाचा भाग आतल्या आत, सुरुंगकाम आणि फवारलेल्या काँक्रीटने, रस्त्याखाली कोरून काढला. वेळ जास्त, पैसा जास्त, पाडापाडी कमी. ज्यांची घरं गेली त्यांच्यासाठी त्याच भागात नव्या इमारती बांधायचं ठरलं. ते काम रेंगाळलं, लोकांनी वर्षं भाड्याच्या घरात काढली, हे खरं. तरी "त्याच भागात" या दोन शब्दांची किंमत मोठी आहे. मल्हारगंजातल्या माणसाला बायपासच्या पलीकडे टू बीएचके देणं म्हणजे त्याला पगार वाढवून नोकरीवरून काढणं.

दुकानदारांचं त्याहून अवघड. ज्याची जमीन घेतात त्याला २०१३ च्या भूसंपादन कायद्याने पैसे मिळतात. ज्याची घेत नाहीत पण ज्याच्या दारासमोर तीन वर्षं पत्रे उभे राहतात, त्याला हा कायदा साधारणपणे ओळखत नाही. खजुरी बाजारातला पुस्तकवाला जूनच्या पहिल्या आठवड्यात वर्षभराची कमाई करतो. त्या आठवड्यात त्याचं दुकान दिसलं नाही तर उरलेलं वर्ष दिसून काय उपयोग? इथे एडीबीचं कर्ज आहे ही बाब कामाला येऊ शकते. त्या बँकेच्या संरक्षक धोरणात तात्पुरतं बुडालेलं उत्पन्नही विस्थापनातच धरतात, पुनर्वसनाचा आराखडा जाहीर करावा लागतो, तक्रारीची ठरलेली वाट असते. मी तीन-चार व्यापाऱ्यांना हे सांगितलं. एकाने विचारलं, "हा आराखडा हिंदीत आहे का?" मी गप्प बसलो.

पॅट्रिक गेडिस नावाचा स्कॉटिश नगररचनाकार होळकर दरबारने बोलावला होता, त्याचा इंदूरविषयीचा अहवाल १९१८ चा. शहरात प्लेग होता, आणि तेव्हाचे अभियंते जुन्या वस्त्यांतून सरळसोट रुंद रस्ते कापायला टपलेले. गेडिसचं म्हणणं उलट : गल्लीत हिंडा, कोणतं घर खरंच पडायला झालंय ते बघा, तेवढंच काढा, बाकी राहू द्या. शस्त्रक्रिया, पण जपून. दिवाळीत त्याने मिरवणूक काढली, आणि मिरवणुकीचा मार्ग असा जाहीर केला की ज्या गल्ल्यांनी घरं सगळ्यांत जास्त साफ आणि दुरुस्त केली त्यांतून ती जाईल. सगळं शहर झाडू घेऊन बाहेर आलं. आजच्या स्वच्छ इंदूरचं मूळ लोक त्यात शोधतात. मला त्यात मार्ग ठरवायची पद्धत दिसते. त्याने नकाशावर रेघ मारून मग लोकांना कळवलं नाही. लोकांनी आपल्या दारात काय केलं, त्यावर रेघ वळवली.

खजरानापासूनच्या वाढीव भुयाराची आखणी अजून व्हायची आहे, म्हणून हे आत्ता म्हणतो आहे. रेघ मारायच्या आधी भोकांच्या जागा सांगा. पलासिया, गीताभवन, रीगल या भागात सरकारी आवारं, जुने बंगले, पार्किंगच्या जागा आहेत; पेटी रस्त्यात न घालता अशा जागेत सरकवता येते का, ते आधी बघा, आणि त्या आवारात झाडं असतील तर पोपटांचंही आधीच विचारा. बोगदा मग त्या भोकांना जोडत जाईल; तो वळतो, तीनेकशे मीटरच्या त्रिज्येत वळतो. खड्डा वळत नाही.

काकूंकडे परवा पुन्हा गेलो होतो. विहिरीचं डोक्यात असल्याने सहज विचारलं, "वाड्यात विहीर होती का हो?" काकू उठल्या, मागच्या पडवीत गेल्या, कपडे धुण्याच्या दगडाशेजारच्या फरशीवर पायाच्या अंगठ्याने टकटक केलं. "ही काय. नर्मदेचा नळ आला त्या वर्षी हे म्हणाले, आता कशाला. अर्धी बुजवली आणि वर फरशी घातली." अर्धी? "हो, मलबा संपला." टॅबवाल्या मुलांनी भिंती तपासल्या होत्या, फरशीचं काही विचारलं नव्हतं.

मी फरशी मोजली, घराच्या दोन भिंतींपासूनचं अंतर लिहिलं, हाताने नकाशा काढला, काकूंच्या आठवणीप्रमाणे खोली "सुमारे ४० फूट, अर्धी भरलेली" अशी टाकली आणि अर्ज केला. कार्यालयातल्या बाबूने कागद उलटसुलट पाहिला, हे कोणत्या विभागात जातं ते त्याला कळेना. शेवटी आवक शिक्का मारून एक प्रत परत दिली. काकूंनी ती पोच देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवली आहे, घरपट्टीच्या पावत्यांवर.